मोगरीवालीचे अठ्ठ्याऐंशी

प्रताप नगरच्या घरात पोर्चच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक धूड उभं होतं. त्याच्यावर कधी गव्हाचं पोतं, कधी कूलरची ताटी, कधी पाहुण्यांची गादी. नव्या माणसाला वाटायचं, जुना पलंग असेल. सून दामिनी दर दिवाळीला म्हणायची, "आई, हे भंगारात देऊन टाकू का?" आणि प्रेमिलाबाई दर दिवाळीला म्हणायच्या, "आधी मले दे, मंग त्याले दे." तिथे बोलणं संपायचं. प्रेमिलाबाईंशी बोलणं सुरू करणारे पुष्कळ होते, संपवायच्या मात्र त्याच.

दसऱ्याला ताडपत्री निघायची. प्रेमिलाबाई पदर खोचून ते धूड स्वतः पुसायच्या, चारी पायांना हळदीकुंकू लावायच्या, वरच्या काचेवर झेंडू ठेवायच्या, मागचं फळकूट काढून आत वाटीने तेलाची धार सोडायच्या. मग वर्षभर पुन्हा ताडपत्री. वय शहात्तर झालं तरी हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं.

नातू केयूर नोकरीला लागला, हातात चार दिवस सुट्टी होती, म्हणून त्याने एकदा ताडपत्री काढून फोटो घेतले आणि इंटरनेटवर टाकले. दोन दिवसांत परदेशातल्या पाचसहा म्हाताऱ्यांची उत्तरं आली. मशीन अमेरिकेची, साठेक वर्षांपूर्वीची, तयारच थोड्या झाल्या होत्या आणि आता तर बोटांवर मोजाव्या इतक्या उरल्या. एकाने लिहिलं होतं की फोटो पाहून त्याला जेवण गेलं नाही.

"आजी, हिला पिनबॉल म्हणतात," केयूर म्हणाला.

"म्हणत असतीन. आमी तिले मोगरीवाली म्हणतो."

ते नाव चित्रावरून पडलेलं. मशीनच्या डोक्यावर एक उभी पेटी, तिच्या काचेवर टोप्या घातलेले गोरे खेळाडू, आणि सगळ्यांत पुढच्याच्या हातात एक गोल दांडकं. खेळ बेसबॉलचा होता. पण मशीन आधी होती त्या महाल नावाच्या जुन्या वस्तीत हे कोणाला ठाऊक असणार? क्रिकेटची बॅट चपटी असते एवढं सगळ्यांना कळत होतं. मग हा बाबा गोल दांडकं घेऊन काय करतो? तर धुणं बडवतो. म्हणून तो मोगरीवाला, आणि त्याची मशीन ती मोगरीवाली.

महालात प्रेमिलाबाईंच्या यजमानांचं, मनोहररावांचं, सायकलींचं दुकान होतं. तासाने सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचे. बहात्तर साली सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबाचं जुनं सामान निघालं. शहाण्या लोकांनी टेबलं-खुर्च्या उचलल्या. मनोहररावांनी ही मशीन हातगाडीवर घालून आणली. त्या दिवशी प्रेमिलाबाईंनी चूल पेटवली नाही. "मशीन खा आनि झोपा," म्हणाल्या.

पण ती सुरू झाली तेव्हा बघायला त्याच पुढे होत्या. अमेरिकेची वीज वेगळी, म्हणून मनोहररावांनी तिच्यासाठी खास ट्रान्सफॉर्मर करून घेतला होता. उतरत्या खाटेवर काच घालावी तसं तिचं अंग. उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. तो ओढून सोडला की लोखंडी गोटी सुसाट वर जायची आणि उतारावरून येताना वाटेतल्या छत्र्यांवर आपटायची. आपटली की घंटी. खाली दोन पाती, बाजूच्या बटणांनी हलणारी. गोटी भोकात जायच्या आत पात्याने तिला परत वर हाणायची. चांगला फटका बसला की डोक्यावरच्या पेटीत पत्र्याची इवली इवली माणसं चौकोनाच्या कडेने पळायची, आणि एकेक माणूस घरी पोचलं की धावांचा आकडा एकाने सरकायचा. कोणी दांडगाईने मशीन हलवली तर सगळे दिवे विझून डाव बाद. त्याला महालात म्हणायचे, रुसली.

ज्याला सायकलीसाठी थांबावं लागे त्याला एक डाव फुकट. हळूहळू लोक सायकल असताही थांबायला लागले.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. तेव्हा अर्ध्या ओढलेल्या शटरमागे प्रेमिलाबाई खेळायच्या. तिसरीतून शाळा सुटलेली बाई, पण गोटी कुठून येणार हे तिला गोटीच्या आधी कळायचं. धक्का नाही, बुक्की नाही. भाकरी थापताना हात जसा आपोआप कडेकडेने फिरतो तशी बोटं बटणावर. मशीन त्यांच्यावर एकदाही रुसली नाही. एका दुपारी त्यांनी सत्त्याऐंशी धावा केल्या. मनोहररावांनी दुकानाच्या भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटने हातभर मोठा आकडा काढला, ८७. खाली नाव घातलं नाही, नुसतं 'सौ.' लिहिलं. महालात एवढ्यावरून सगळ्यांना कळत होतं.

सतरा वर्षांत तो आकडा कोणी ओलांडला नाही. गिरिधर सोडून. पण तेही कोणाला माहीत नव्हतं.

गिरिधर म्हणजे धाकटा दीर. प्रेमिलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो बारा वर्षांचा, आईविना. त्याला त्यांनीच वाढवला, मारला, खाऊपिऊ घातलं. मोठा झाला तसा दुकानात बसायला लागला, आणि त्याचा हात असा की वाकडं चाक नुसतं फिरवून, कानाने ऐकून सरळ करायचा. लोक मनोहररावांना रामराम करायचे आणि सायकल गिरिधरपुढे टेकवायचे.

एकोणनव्वदचा पोळा झाला, त्याचा दुसरा दिवस. मारबतीचा. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघायची होती, महाल माणसांनी तुंबला होता. दुकानात चाळीस माणसं तरी शिरलेली, कोणी सावलीला, कोणी तमाशा बघायला. गिरिधर खेळत होता. शहाऐंशी झाले होते. पेटीत तिन्ही कोपऱ्यांवर पत्र्याची माणसं उभी होती. गिरिधरने गोटी अशी हाणली की घंटीवर घंटी. तिन्ही माणसं निघाली. सगळ्यांत पुढचं तिसरा कोपरा सोडून घराकडे धावलं आणि मध्येच थांबलं. आतून घरघर आली आणि दिवे गेले.

चाळीस माणसं भिंतीवरच्या ८७ कडे बघत होती आणि मशीनमधल्या ८६ कडे. प्रेमिलाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांना आधी हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "याच्या हाताले यशच नाही. चांगली मशीन मारली."

एवढंच म्हणाल्या. एरवी ते तिथेच विरलं असतं. पण तो मारबतीचा दिवस. रोगराई, महागाई, जे जे म्हणून नको ते मारबतीच्या गळ्यात घालून गावाबाहेर घालवायचा दिवस. गर्दीतल्या कोणा टवाळाने हाळी दिली, "गिरिधरचा हात घेऊन जा गे मारबत." दुकान हसलं. बाहेरची गल्ली हसली. आठवड्याभरात पोरं त्याच्यामागे तेच ओरडत होती. मनोहररावांनी फ्यूज बदलून पाहिला, तोही उडाला, मग मशीन भिंतीला लावून ठेवली. गिरिधरपुढे सायकल टेकवणारे दुसरीकडे जायला लागले. ज्याच्या हाताला यश नाही त्याच्याकडे कोण काम टाकणार? दोन महिन्यांनी तो हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला. तिथे खोक्यांना पट्ट्या मारायचा. निवृत्त होईपर्यंत पट्ट्याच मारल्या. पाना पुन्हा हातात धरला नाही.

भांडण काही झालं नाही. मनोहरराव गेले तेव्हा खांदा त्यानेच दिला. दर दसऱ्याला मनीषनगरहून तो सोनं द्यायला येतो, वहिनीच्या पाया पडतो, चहा घेतो. फक्त घरात काही बिघडलेलं असलं, नळ गळत असला, पंखा कुरकुरत असला, तर बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "माह्या हाताले यश नाही, वहिनी." हसून म्हणतो. पस्तीस वर्षं हसूनच म्हणत आला. शिवी दिली असती तर प्रेमिलाबाईंनी परत दिली असती. हसण्याला काय द्यायचं?

मशीन दुरुस्त करायला केयूरने विश्वनाथला शोधून आणलं. हा सत्तरीचा गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. जुन्या एक्स्चेंजात भिंतभर खटके असायचे, नंबर फिरवला की टकटक सरकणारे. त्यांच्यात याचा जन्म गेला. मशीनचं फळकूट काढून त्याने आत टॉर्च मारली आणि म्हणाला, "हे तर आपलं जुनं एक्स्चेंजच हाये. फक्त यात कोनी कोनाले फोन करून नाही राहिलं."

तो पोर्चमध्ये पाटावर बसून काम करायचा. प्रेमिलाबाई समोर खुर्ची टाकून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसायच्या. निवडायला अर्धा तास लागतो, त्या तीन तास बसायच्या. विश्वनाथ बडबड्या नव्हता, हे त्यांना आवडलं.

तिसऱ्या दिवशी त्याने पेटीतून एक दातेरी चाक काढून त्यांच्यापुढे धरलं. "ताई, हे पहा."

चाकाच्या दातांत मधासारखं पिवळं काही तरी बसलं होतं. पण मध नव्हे, दगड. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर टवका उडाला.

"मशीन जळली नाही, घासली नाही. जखडली हाये. कोनी तरी इच्यात खायचं तेल घातलं. मशीनचं तेल ओलं राहते. हे वाळून रोगण होते. सुतार दाराले लावते का नाही, तसं."

त्याने टवका चिमट्यात धरून लायटरची ज्योत दाखवली. धूर निघाला. प्रेमिलाबाईंना वास सांगावा लागला नाही. जवस.

"कोनं घातलं असन?" विश्वनाथ म्हणाला.

"मले काय माहीत? दुकानात छप्पन्न लोक येत होते."

"एका वेळचं नाही ताई हे. थरावर थर हाये. झाडाच्या खोडावानी. मोजले तर किती वर्षं घातलं ते निघन."

"मंग मोजत बसा. तुमाले दुसरं काम काय हाये?"

विश्वनाथने मोजलं नाही, स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला बसला. प्रेमिलाबाईंनी निवडलेला सांबार पुन्हा निवडला. दुकानात सायकलींना काळं तेल घातलं जायचं, डब्बाभर पडलेलं असायचं. पण ज्याची हळदीकुंकू लावून पूजा करायची त्याला चेनीचं तेल? आपण जे खातो ते देवाला, अशी त्यांची समजूत. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या घाण्यावरून ताजं जवसाचं तेल आणायच्या, आणि आत जे जे हलताना दिसेल त्याच्यावर सोडायच्या. एकदा गिरिधर म्हणालाही होता, "वहिनी, हे तेल चिकट हाये." त्या म्हणाल्या होत्या, "तुही जीभ चिकट हाये." मशीन मेल्यावरही पस्तीस दसरे त्यांनी घातलं. मेलेल्याच्या तोंडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथने चाक बसवलं, नवा फ्यूज घातला आणि म्हणाला, "देतो आता वीज. काही जळायचा वास आला तर सांगा."

दामिनी आत कणीक मळत होती. केयूर कामाला गेला होता. पोर्चमध्ये दोघंच.

दिवे लागले. पेटीच्या काचेमागे मोगरीवाला उजळला. आतून घरघर आली, तीच ती. मग जे पत्र्याचं माणूस पस्तीस वर्षं तिसरा कोपरा सोडून मध्येच उभं होतं ते हललं, आणि काहीच झालं नाही असं घरी गेलं. टक. ८६ चे ८७ झाले. त्याच्या मागचं माणूस आलं, कोपरा वळलं, घरी गेलं. टक. ८८. तिसरं कोपऱ्यावर जाऊन थांबलं. मशीन शांत झाली.

"पहा," विश्वनाथ म्हणाला. "कोनाचा तरी फटका अर्धवट राहिला होता. इमानदार चीज हाये, पुरा केला."

प्रेमिलाबाईंना अक्षर लावून लावून वाचावं लागे, आकडे मात्र एका नजरेत कळत. त्या ८८ कडे बघत राहिल्या.

"आता शून्यावर आणू का? पुढचं तपासाचं हाये."

शून्यावर आणलं की ८८ गेलं. हाक मारली असती तर दामिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली असती. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तर संध्याकाळी केयूरने पाहिलं असतं, फोटो काढला असता.

"आणा," त्या म्हणाल्या.

आकडे गडगडत शून्यावर आले.

दुपारी जेवताना दामिनीने पानात जवसाची चटणी वाढली. प्रेमिलाबाईंनी ती कडेला सारली.

"काहून आई, आवडते ना तुमाले?"

"रोज रोज काय आवडन?"

केयूर त्या परदेशी म्हाताऱ्यांसाठी मशीनची हकीकत लिहीत होता. कुठून आली, कुठे होती, कशी बंद पडली. दसऱ्याला चार दिवस असताना त्याने ती आजीला मराठीत सांगितली. क्लब, हातगाडी, सायकलचं दुकान, भिंतीवरचे ८७, सगळं बरोबर होतं. मग तो म्हणाला, "आणि इथे लिहिलंय, एकोणनव्वद साली मालकाचे धाकटे भाऊ गिरिधर यांच्या हातून मशीन बिघडली."

"हे कोनं सांगितलं तुले?"

"तूच. मी इतकुसा होतो तेव्हापासून सांगून राहिली."

प्रेमिलाबाईंनी त्या लिहिलेल्यावर बोट ठेवलं.

"पाठवलं का?"

"नाही अजून."

"मंग दसऱ्यापर्यंत ठेव."

"काहून?"

"मी म्हणते म्हणून."

चार दिवस त्यांनी बाजू मांडून पाहिली. तेल भक्तीने घातलं होतं. गिरिधरला नोकरी मिळाली, दुकानात राहून काय मिळालं असतं? सायकली तर पुढे बंदच पडल्या. टवाळ माणसाने हाळी दिली, त्यांनी थोडीच दिली? सगळं बरोबर बसत होतं. फक्त त्या ८८ ला कुठे बसवावं ते कळेना. शून्यावर आणा, हे कोणा टवाळाने म्हटलं नव्हतं.

दसऱ्याला मशीन हॉलमध्ये आणून ठेवली होती. सकाळी प्रेमिलाबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. सवयीने जवसाच्या तेलाची वाटी हातात घेतली, आणि परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. विश्वनाथ जाताना मशीनच्या तेलाची एक लहान बाटली देऊन गेला होता, ती त्यांनी मशीनशेजारी ठेवली.

"तेल नाही घालत यंदा?" दामिनी म्हणाली.

"गिरिधर येऊ दे."

दामिनीने हातातलं काम थांबवून सासूकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. पंचवीस वर्षांत एवढं ती शिकली होती.

चार वाजता गिरिधर आला. नवा शर्ट, आपट्याच्या पानांची पिशवी. वहिनीच्या हातात सोनं दिलं, पाया पडला, आणि मशीनपासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीत बसला.

"सुरू झाली म्हणते," तो म्हणाला.

"झाली ना," केयूर म्हणाला. "आजोबा, पहिला डाव तुम्ही खेळा."

"नाही बापा. माह्या हाताले यश नाही." आणि हसला.

प्रेमिलाबाई बसल्या नाहीत. "गिरिधर, आयक. मशीन तू नाही मारली. मी मारली. दसऱ्याचं जवसाचं तेल आत वाळून दगड झालं होतं. त्या टेलिफोनवाल्यानं खरवडून दाखवलं, आनि मी त्याले म्हटलं, मले काय माहीत. ही एक गोष्ट."

दामिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"दुसरी गोष्ट. वीज देल्ली तसे तुहे पत्र्याचे दोन माणसं घरी गेले. अठ्ठ्याऐंशी झाले. मी पाह्यले. कोनी पाहू नये म्हणून मीच शून्यावर आणायले सांगितलं. केयूर, आता लिही तुले काय लिहायचं ते."

गिरिधरने कपाची वाट पाहावी तसे हात मांडीवर ठेवले होते. ते त्याने उलटे करून तळव्यांकडे पाहिलं, परत सुलटे केले. तो नेहमीप्रमाणे "जाऊ द्या वहिनी" म्हणणार, असं प्रेमिलाबाई धरून चालल्या होत्या. त्यावर "नाही जाऊ देत" असं उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं.

"वहिनी," गिरिधर म्हणाला, "तेव्हा चाळीस लोक होते."

"मंग?"

"इथं चार हाये. त्यात एक मी."

केयूरला हसू आलं, पण आजीचं तोंड पाहून त्याने ते गिळलं. प्रेमिलाबाई तशाच उभ्या. महालातली ती चाळीस माणसं आता कुठून आणायची? निम्मी वर गेली, उरलेली पांगली.

बेल वाजली. शेजारच्या इंदुताई सोनं घेऊन आल्या होत्या.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत त्या वाकल्या.

"औक्षवंत हो. बैस. हा माहा दीर गिरिधर. एकोणनव्वद साली मी लोकांत म्हटलं होतं का याच्या हाताले यश नाही, यानं मशीन मारली. मशीन मी मारली होती. याच्या हाताले यश हाये. माहा सत्त्याऐंशीचा आकडा यानं मोडला होता."

इंदुताईंनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा गिरिधरकडे, मग दामिनीकडे. "हो का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई."

प्रेमिलाबाईंनी इंदुताईंनी दिलेली आपट्याची पानं ताटात बाजूला ठेवली. "एक," त्या म्हणाल्या.

नंतर समोरच्या घरचे रुपराव आले, पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तक्रार कोणाची हाये?" प्रेमिलाबाई म्हणाल्या, "तक्रार नाही, कबुली हाये. पानं द्या." वरच्या मजल्यावरची नवी सून शामला आली. ती म्हणाली, "पण काकू, जवसाचं घाण्याचं तेल अजून मिळतं का चांगलं?" तेव्हा आधी घाण्याचा पत्ता सांगावा लागला आणि मग कबुली पहिल्यापासून. कॉलनीतली पोरं घोळक्याने आली, सात जण.

"पोरं धरायची का?" केयूरने विचारलं.

"मारबतीच्या दिवशी दुकानात पोरंबी होती. धर."

पोरांनी एकदम विचारलं, "आजी, आम्ही खेळू का?"

"आधी आयका."

अकरा माणसं झाली तेव्हा गिरिधर खुर्चीत चुळबुळला. दर वेळी येणारा माणूस त्याच्याकडे बघत होता, नमस्कार करत होता, आणि त्याला काय करावं कळत नव्हतं. "पुरे, वहिनी," तो म्हणाला. "मी गमतीनं म्हटलं."

"गप बैस. मी तेव्हा गमतीनं नोतं म्हटलं."

सोळा, अठरा, तेवीस. सांगून सांगून कबुली आखूड होत गेली. तेल आणि मशीन आणि हात आणि अठ्ठ्याऐंशी, चार वाक्यांत यायला लागलं. मान मात्र ताठच होती. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, बाईंनी काही तरी जिंकलं आहे.

तेविसावा माणूस गेल्यावर गिरिधर उठला. निघाला, असं प्रेमिलाबाईंना वाटलं, आणि त्यांनी ताटावरचा हात तसाच ठेवला. पण तो दाराकडे गेला नाही. मशीनपाशी गेला, उकिडवा बसला, एक डोळा मिटून काचेच्या कडेने पाहिलं.

"उजवीकडे कलली हाये ही," तो म्हणाला. "गोटी एकाच अंगानं जाईन. कोनं ठेवली?"

"मी," केयूर म्हणाला.

"म्हणूनच. पाना हाये का घरात?"

केयूर धावत गेला आणि हाती आला तो पाना घेऊन आला. गिरिधरने तो हातात घेऊन जरा तोलून पाहिला. पस्तीस वर्षांत पाने हलके झाले होते की काय कोण जाणे. मग मशीनच्या पायाखालचा बोल्ट पकडला आणि पाव फेरा दिला. काचेकडे पाहिलं, अजून थोडा दिला.

"तेल कोणतं हाये?" वर न बघता त्याने विचारलं.

"ते बाटलीतलं. तुह्या हातानं घाल."

"वाटीतलं नाही ना?"

"नाही गा."

दामिनी हसली आणि ट्रे घेऊन आत गेली. तिच्या पहिल्या चहाचं केव्हाच पाणी झालं होतं.

प्रेमिलाबाईंनी ताटातली पानं सारखी केली. "चाळीस झाले का मी खेळीन," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी म्हंजे काही आभाळ नाही."

"आधी चाळीस होऊ द्या," गिरिधर खाली वाकलेलाच म्हणाला.

बेल वाजली. प्रेमिलाबाई पदर सारखा करून दार उघडायला गेल्या.